चिरंजीवांची स्वारी : बापाचा त्रागा आणि मराठी विनोदाचे एक उपेक्षित रूप

१

मराठी विनोदाचा विचार मुख्यतः दोन दिशांनी झालेला आहे. पहिली दिशा तत्त्वविवेचनाची. न. चिं. केळकर यांच्या ‘सुभाषित आणि विनोद’ (१९०८) व ‘हास्यविनोदमीमांसा’ (१९३७) या ग्रंथांनी तिचा पाया घातला. दुसरी दिशा लेखकनिष्ठ. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, राम गणेश गडकरी, चिं. वि. जोशी, प्र. के. अत्रे, पु. ल. देशपांडे अशी एक वंशावळ मांडायची आणि प्रत्येकाच्या विनोदाचा विशेष सांगायचा, हा तिचा परिपाठ. या दोन्ही दिशांनी जाताना एक क्षेत्र बाजूला राहिले. ज्या विनोदाला लेखक नाही, पण ज्याची घडण ठरलेली आहे, जो रोजच्या घरगुती बोलण्यात पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे आणि साहित्यकृतींना ज्याने वेळोवेळी कच्चा माल पुरवला आहे, त्याचे रूपविवेचन फारसे झाले नाही. महाविद्यालयात शिकणाऱ्या, वयात आलेल्या मुलाच्या सवयींवरून आईबाप करतात तो विनोदी त्रागा हा या क्षेत्रातला ठळक प्रकार होय. दहा वाजता उठणे, तासांना दांड्या मारणे, कट्ट्यावर बसणे, परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तकाचे पहिले पान उघडणे आणि पैसे संपले की तेवढी घरची आठवण होणे, हे त्याचे ठरलेले विषय.

‘त्रागा’ हा शब्द येथे हेतुपूर्वक योजला आहे. आज त्याचा अर्थ चिडचिड एवढाच उरला असला, तरी मूळ अर्थ अधिक उग्र आहे. आपला हक्क डावलला जात असता समोरच्याच्या दारात स्वतःलाच इजा करून घेणे आणि त्या इजेचे पाप त्याच्या माथी मारणे म्हणजे त्रागा. गुजरात-काठेवाडकडील भाट-चारण व्यवहारात जामीन राहत. दिलेला शब्द मोडला गेला, तर ते या मार्गाने वसुली करीत. त्राग्याच्या मुळाशी याप्रमाणे एक देणे असते, आणि ज्याचे येणे आहे त्याच्या हाती बळाचा वापर नसतो. वयात आलेल्या मुलापुढे उभ्या असलेल्या बापाची स्थिती हीच असते. त्याचे येणे आहे, पण मुलाला मारण्याचे वय गेले आहे. सोळाव्या वर्षानंतर मुलाशी मित्राप्रमाणे वागावे, असे सुभाषितकार सांगून गेले. त्या मित्राच्या खानावळीचे बिल कोणी भरायचे, हे त्यांनी सांगितले नाही. हे बिल भरणारा बाप स्वतःलाच बोल लावतो, स्वतःच्या नशिबाला हसतो, आणि ते हसणे मुलाच्या कानी जाईल अशी व्यवस्था करतो.

प्रस्तुत लेखात या विनोदाची भाषिक घडण, त्यामागील आर्थिक व्यवहार आणि मराठी साहित्यातील त्याचा प्रवास यांचा विचार करावयाचा आहे. बापाचा हा विनोद म्हणजे हातून निसटत चाललेल्या अधिकाराचे भाषेतील रूप होय, आणि मराठी कादंबरीच्या एका महत्त्वाच्या वळणावर हे रूप बापाकडून मुलाकडे गेले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

या विनोदाचे सर्वांत प्रभावी साधन मराठीच्या व्याकरणातच आहे. ते म्हणजे आदरार्थी बहुवचन. एरवी ज्याला ‘अरे’ म्हणायचे, त्या मुलाचा उल्लेख अशा प्रसंगी ‘आमचे चिरंजीव’ असा होतो. ‘चिरंजीव उठले का?’, ‘साहेबांचा चहा झाला का?’, ‘या महाराज, आज लवकर आलात!’ या वाक्यांत शिवी नाही, निंदा नाही. आहे तो मान. पण हा मान जागच्या जागी उलटतो, कारण बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही त्या नात्यातले खरे सर्वनाम ठाऊक असते. हा विनोद दुसऱ्या भाषेत नेणे अवघड जाते ते यामुळेच.

‘स्वारी’ हा शब्द या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. राजाच्या किंवा सरदाराच्या लवाजम्यासह निघण्याला मुळात स्वारी म्हणत. पुढे घरंदाज स्त्रिया नवऱ्याचे नाव टाळण्यासाठी ‘स्वारी’ म्हणू लागल्या. राजाकडून नवऱ्याकडे आलेला हा शब्द ‘स्वारी अजून निजलेली आहे’ या वाक्यात मुलाच्या अंथरुणापाशी पोचतो. सत्तेचा शब्द एकेक पायरी खाली उतरत जातो आणि शेवटी ज्याच्याकडे कसलीच सत्ता नाही त्याच्या अंगावर चढवला जातो. मात्र हा प्रवास निव्वळ उपहासाचा नाही. घराचा पुढचा धनी हाच आहे, याची अर्धवट कबुलीही त्या शब्दात असते.

दुसरे साधन रचनेचे आहे. हा त्रागा क्वचितच सरळ मुलाला उद्देशून केला जातो. बाप आईला सांगतो, ‘तुमच्या मुलाला विचारा, आज कॉलेज आहे की सुट्टी.’ मुलगा त्याच खोलीत असतो. येथे तीन व्यक्तींचा एक त्रिकोण तयार होतो : बोलणारा, जिला उद्देशून बोलले जाते ती, आणि ज्याने ऐकावे म्हणून बोलले जाते तो. चांगले गुण मिळवणारा ‘माझा’ आणि दांड्या मारणारा ‘तुमचा’ ही मालकीची वाटणीही याच त्रिकोणातली. आईला यात फक्त निरोप्याचे काम नसते. ती बापाचे वाक्य सौम्य करून मुलाकडे पोचवते आणि मुलाची सबब मोठी करून बापाकडे. विनोदाचे अर्धे कर्तृत्व या मधल्या भाषांतराकडे जाते.

तिसरे साधन शब्दसंग्रहाचे. उजेडाच्या प्रतिमा या विनोदाला विशेष प्रिय आहेत. मुलगा ‘कुलदीपक’ असतो, ‘दिवटा’ असतो. निकालाच्या दिवशी ‘काय दिवे लावलेत?’ किंवा ‘काय उजेड पाडलात?’ असे विचारले जाते. वंशाचा दिवा ही श्रद्धेची कल्पना आणि परीक्षेतील अपयश ही व्यवहारातील गोष्ट एकाच वाक्प्रचारात समोरासमोर येतात. ‘गुण उधळणे’ या प्रयोगात तर ‘गुण’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी कामाला लागतात. मुंबई विद्यापीठाच्या परिसरात ‘एटीकेटी’ हा शब्दही घरात येऊन पोचला. परीक्षापद्धतीतली ही सवलत बापाला समजलेली नसते, पण तिचे नाव त्याला पाठ असते, आणि ते नाव तो एखाद्या पदवीप्रमाणे मुलाच्या नावापुढे जोडतो. मुलाच्या जगातला शब्द आपल्या तोंडात घेऊन, त्यावर आपला सूर चढवून परत करण्याची ही क्रिया मिखाईल बाख्तिन यांनी वर्णिलेल्या द्विस्वरी उक्तीचे घरगुती उदाहरण म्हणता येईल.

फ्रॉइड यांनी १९२७ मध्ये विनोदावर लिहिलेल्या छोट्या निबंधात विनोदी वृत्तीची तुलना मोठ्या माणसाच्या लहान मुलाकडे पाहण्याच्या दृष्टीशी केली आहे. मुलाला डोंगराएवढे वाटणारे दुःख मोठ्याला क्षुल्लक वाटते आणि तो हसतो. विनोद करणारा स्वतःकडेच या दृष्टीने पाहतो, असा त्यांचा आशय. आपल्या विषयात ही उपमा शब्दशः खरी ठरते आणि त्याच क्षणी अडचणीतही येते. विनोद करणारा खरोखरच बाप आहे. पण ज्याच्याकडे तो पाहतो तो आता लहान उरलेला नाही. त्याच्या अभ्यासाचे विषय बापाला कळत नाहीत, त्याचे मित्र बापाला ठाऊक नाहीत. बाप मोठेपणाची जुनी जागा विनोदापुरती परत मिळवतो. हा विनोद चालू असतो तोवर घरात जुनी उतरंड टिकून असल्याचा भास राहतो. त्यातील मायेचे आणि कारुण्याचे मूळ येथे आहे.

३

भाषेची ही घडण पाहिल्यानंतर ती कोणत्या व्यवहारावर उभी आहे, हे पाहिले पाहिजे. त्यासाठी देवरूखसारख्या गावाचा विचार उपयोगी पडतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले हे गाव रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. महाविद्यालयीन शिक्षणासाठी येथल्या मुलाला दीर्घ काळ घर सोडावे लागे. रत्नागिरीला महाविद्यालय निघाले ते १९४५ साली; त्याआधी पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर हेच मार्ग होते. देवरूखला स्वतःचे महाविद्यालय मिळाले ते १९७२ मध्ये. १९७२ पूर्वी मुलाच्या सवयी बापाला दिसत नसत; त्या पत्रातून, हिशोबातून आणि गावी आलेल्या एखाद्या चाकरमान्याच्या तोंडून कळत. १९७२ नंतर त्या रोज डोळ्यांपुढे घडू लागल्या.

कोकणातील मनिऑर्डरीचा प्रवाह मुंबईकडून गावाकडे वाहणारा होता. गिरणीत, गोदीत, कचेरीत राबणारा मुलगा किंवा नवरा पैसे पाठवी आणि गावचे घर त्यावर चाले. या अर्थव्यवस्थेत वयात आलेला मुलगा म्हणजे पैसे पाठवणारा हात. महाविद्यालयात शिकणारा मुलगा हा या नियमाचा अपवाद ठरतो, कारण त्याच्यासाठी पैसा उलट दिशेने जातो. शेजारच्या घरी पोस्टमन पैसे घेऊन येतो, आणि या घरचा बाप पैसे भरण्यासाठी पोस्टात जातो. या उलट्या प्रवाहाची सल बापाच्या विनोदात असते आणि तिच्याबरोबर एक अभिमानही असतो. ‘आमचे चिरंजीव पुण्यास शिकायला आहेत, दर महिन्याला आम्हांला पोस्टाची वारी घडवतात,’ हे वाक्य तक्रार म्हणून उच्चारले जाते आणि मोठेपणा म्हणून ऐकले जाते.

तक्रारीआडून मिरवण्याची ही रीत नवी नाही. गवळणींच्या रचनांत आणि रत्नागिरीकडच्या नमन-खेळ्यांतील गौळणीतही यशोदेची भूमिका याच दुहेरीपणावर उभी असते. गौळणी गाऱ्हाणे आणतात, यशोदा कृष्णाला रागे भरते, आणि रागे भरताना आपले पोर साऱ्या गोकुळाला पुरून उरते याचा आनंद लपवू शकत नाही. महाविद्यालयीन मुलाचा बाप या परंपरेचा नकळत वारसदार आहे. अंतर एवढेच, की कृष्ण लोणी दुसऱ्यांच्या घरचे चोरी. येथे शिंके स्वतःच्याच घरचे असते.

अंतर असले की त्राग्याला पत्राचे रूप येते. जुन्या पत्रव्यवहाराचे मायने या दृष्टीने मोठे सूचक आहेत. मुलगा ‘तीर्थरूप’ लिहून शिरसाष्टांग नमस्कार घाली आणि तिसऱ्या ओळीत पैशावर येई. बाप ‘चिरंजीव’ लिहून अनेक उत्तम आशीर्वाद देई आणि तिसऱ्या ओळीत हिशोब मागे. मायन्याची भाषा अनादि-अनंत नात्याची, तर मजकूर साबण, वह्या आणि खानावळीचा. या दोन थरांतील फटीत विनोद आपोआप जन्म घेई. त्यासाठी कोणी विनोदी असण्याची गरज नसे. कोल्हटकर-गडकऱ्यांपासून मराठी विनोदी लेखनाने शैलीच्या उंचीचा आणि आशयाच्या सखलपणाचा जो खेळ केला, त्याचा एक झरा या घरगुती पत्रलेखनात असावा, असे मानण्यास जागा आहे.

महाविद्यालय गावात आल्यावर पत्र गेले आणि हा विनोद पुन्हा तोंडी झाला. आता मुलाच्या सवयींचे माप एस.टी.चे वेळापत्रक. आसपासच्या वाड्यांतून देवरूखला येणाऱ्या मुलाची सकाळची गाडी चुकते की पकडली जाते यावर त्या दिवसाचा त्रागा ठरतो, आणि ‘शेवटची गाडी चुकली’ ही सबब कोणत्या महिन्यात कितव्यांदा आली याची मोजदाद घरात होते. मोबाइलवरून पैसे क्षणात पोचू लागल्यापासून हिशोबाचा कागदही उरलेला नाही. त्रागा मात्र उरला आहे. त्याचा आधार अंतरात किंवा साधनात नसून देण्याघेण्याच्या नात्यात आहे, याचा हा पुरावा होय.

४

या विनोदाचा साहित्यातील प्रवास मात्र सरळ नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवशिक्षितांवर टीका करणारे लेखन विपुल झाले. ना. बा. कानिटकर यांची ‘तरुणीशिक्षणनाटिका’ (१८८६) हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पण या लेखनाचा सूर उपरोधाचा आहे, त्राग्याचा नाही. उपरोध करणारा बाहेर उभा असतो. नवशिक्षितांच्या बिघडण्याने त्याचे स्वतःचे काही जात नाही, म्हणून तो निःशंकपणे अतिशयोक्ती करतो. त्रागा करणारा आत असतो. बिघडला तर आपलाच बिघडणार आहे, हे तो जाणतो. या दोहोंतील भेद न केल्यामुळे शिक्षितांविषयीचा सगळा जुना विनोद सरसकट सनातनी ठरवला जातो.

कोल्हटकर-गडकऱ्यांच्या काळात हसणाऱ्याची जागा नवशिक्षितानेच घेतली, आणि जुन्या पिढीच्या रूढी हा त्याचा विषय झाला. १९३० च्या दशकात ही प्रक्रिया पूर्ण झाली. अत्र्यांच्या ‘साष्टांग नमस्कार’ (१९३३) मध्ये वेड आहे ते बापाला. सूर्यनमस्काराच्या नादाने घर वेठीला धरणारा तो आहे. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव हा कुटुंबवत्सल बाप स्वतःच स्वतःच्या फजितीचा निवेदक होतो. बाप हसण्याचा विषय झाला, किंवा स्वतःला हसू लागला. मुलाच्या सवयींना हसण्याचा त्याचा घरगुती हक्क साहित्यात जवळजवळ स्थगित राहिला.

याच सुमारास ना. सी. फडके यांनी ‘जादूगार’ (१९२८) पासून पुढे महाविद्यालयीन तरुणाला कादंबरीचा नायक केले. टेनिस, सहली, चहापाने आणि प्रेम यांनी भरलेल्या या जगात एक प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो म्हणजे या सगळ्याचे पैसे कोण देतो. प्रणयाच्या सलगतेला हिशोब मारक असतो, हे फडक्यांचे तंत्र ओळखून होते. म्हणून तेथे सवयी आहेत, पण त्यांच्याकडे त्राग्याने पाहणारे कोणी नाही. ज्या सवयी घरी चेष्टेचा विषय होतात, त्या तेथे व्यक्तिमत्त्वाची खूण ठरतात. महाविद्यालयीन जीवनाची जी रम्य प्रतिमा मराठी मध्यमवर्गाने अनेक दशके जपली, तिच्या घडणीत बापाच्या आवाजाची ही अनुपस्थिती महत्त्वाची आहे.

१९६० च्या आसपास हा आवाज परत आला. वसंत कानेटकर यांच्या ‘प्रेमा तुझा रंग कसा?’ (१९६१) मध्ये बाप स्वतःच प्राध्यापक आहे. प्रा. बल्लाळ आणि त्यांची पत्नी यांचा स्वतःचाच विवाह प्रेमाचा, त्यामुळे वयात आलेल्या मुलांच्या प्रेमप्रकरणांपुढे त्यांचा अधिकार आधीच पोकळ झालेला आहे. या नाटकाचे विनोदी सामर्थ्य त्या पोकळीत आहे. जे आपणच केले ते मुलांना करू नका म्हणून सांगायचे कसे, हा पेच त्राग्यातूनच व्यक्त होऊ शकतो. तथापि रंगमंचावरील सुखात्मिकेच्या नियमानुसार शेवटी सगळे येणे-देणे फिटते आणि त्राग्याची धार प्रेक्षकांच्या समाधानात विरून जाते.

पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ति आणि वल्ली’ (१९६२) मध्ये या विनोदाची दोन वेगळी रूपे दिसतात. सखाराम गटणे हा पुस्तकांत बुडालेला, पुस्तकी भाषा बोलणारा मुलगा. त्याच्या ग्रंथवेडाने त्याचा व्यवहारी बाप चिंतेत पडतो. येथे सवय वाईट नाही. उलट कोणत्याही शिक्षकाने जिचे कौतुक करावे अशीच ती आहे. तरी बापाचा त्रागा खोटा ठरत नाही. हेन्री बेर्गसाँ यांनी ‘हास्य’ (१९००) या ग्रंथात सजीवावर चढलेले यांत्रिकतेचे पुट हे हास्याचे कारण मानले. गटणेची भाषा अशी यांत्रिक झाली आहे, आणि तिच्यातील यांत्रिकता साहित्यिकांआधी त्याच्या अशिक्षितवजा बापाला जाणवते. बापाच्या त्राग्याला असलेले हे ज्ञानमूल्य पु. लं.नी अचूक टिपले.

‘अंतू बर्वा’ हे व्यक्तिचित्र तर रत्नागिरीचेच. मुलगा मुंबईला आणि अंतू रत्नागिरीत एकटा. मुलाविषयी बोलताना अंतूचा तिरकसपणा कधी सुटत नाही. पण या तिरकसपणाला ऐकणारा मुलगाच समोर नाही. दुसऱ्या विभागात वर्णिलेला त्रिकोण येथे मोडला आहे : आई नाही, मुलगा नाही, आहेत फक्त परके श्रोते. ज्याने ऐकावे त्याच्या गैरहजेरीत त्रागा चालू राहिला, की त्याचे रूपांतर शोकात होते. अंतूच्या विनोदाची जी विषण्णता वाचकाला जाणवते, तिचे एक रचनात्मक कारण हे आहे.

५

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) या प्रवासातील निर्णायक कृती होय. खानदेशातील सांगवी या खेड्यातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहात राहतो, मेसचा कारभार अंगावर घेतो, संमेलनांत आणि मित्रमंडळींत रमतो, वडिलांचा पैसा हजारोंनी खर्च करतो, परीक्षांत अपयशी होतो आणि अखेर गावी परततो. कथानकाचा हा सांगाडा म्हणजे त्राग्याच्या विषयांची संपूर्ण यादीच आहे. कोणत्याही बापाने शेजाऱ्यापुढे मांडावी अशी ही कैफियत. पण ती येथे मांडतो मुलगा.

‘कोसला’चे मूल्यमापन बहुधा परात्मता, अस्तित्ववाद, मूल्यविहीनता या संज्ञांच्या आधारे झाले आहे. या वाचनाने कादंबरीची खोली उघड केली, हे निर्विवाद. परंतु तिच्या विनोदाला त्याने तत्त्वज्ञानाचा पुरावा एवढेच स्थान दिले. या विनोदाची वंशावळ वेगळी आहे. पांडुरंग स्वतःच्या सवयींकडे पाहतो ती नजर मुळात बापाची आहे. किती पैसे गेले, कशावर गेले, त्यातून काय निष्पन्न झाले, हे हिशोबी प्रश्न त्याच्या निवेदनात सतत वावरतात. त्याच्या बोलण्यात वारंवार येणारे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे दोन शब्दही या दृष्टीने पाहता येतात. ‘उदाहरणार्थ’ हा खुलासा देणाऱ्याचा शब्द आहे. कोणीतरी जाब विचारला आहे, असे तो गृहीत धरतो. ‘वगैरे’ हा खुलासा टाळणाऱ्याचा. हिशोबातील किरकोळ खर्चाच्या रकान्यासारखा तो सगळे झाकून घेतो. जाब देणे आणि जाब टाळणे या दोन हालचालींमधून निवेदनाची लय तयार होते. जाब विचारणारा बाप पानावर नसला, तरी वाक्यरचनेत हजर असतो.

याचा एक परिणाम असा, की बाप ही व्यक्तिरेखा कादंबरीत कठोर आणि व्यवहारी म्हणून उरते. तिच्याकडचा विनोद मुलाने घेतला आहे. घरगुती त्राग्यात बाप स्वतःला हसून मुलाला दोषी ठरवतो; येथे मुलगा स्वतःला हसून बापाला निरुत्तर करतो. ज्याने आपल्या नालायकीची यादी आधीच, अधिक मजेदारपणे सांगून टाकली, त्याला आता काय बोलणार? त्राग्याचे शस्त्र अशा रीतीने उलटवले गेले. मराठी कादंबरीत निवेदनाचा जो नवा सूर ‘कोसला’ने आणला, तो आकाशातून पडलेला नाही. घराच्या ओटीवर बसून बाप ज्या सुरात बोलत होता, तोच मुलाने उचलला आणि आपल्या पिढीचा केला.

मात्र या सुराची मर्यादाही कादंबरीनेच दाखवली आहे. धाकटी बहीण मनी देवीच्या आजाराने जाते तेव्हा हिशोबाची भाषा निकामी होते. ज्या घटनेत कोणाचे कोणाकडे येणे नाही, तेथे त्रागा करता येत नाही. तेथे फक्त शोक असतो. बाप आणि मुलगा हे दोघेही ज्या खेळात गुंतले होते त्याचे क्षुल्लकपण या मृत्यूने उघडे पडते. ‘कोसला’तील विनोद आणि शोक यांना दोन वेगळ्या प्रकृतींचे भाग मानण्याऐवजी, एका भाषेची कक्षा कोठे संपते याचे दर्शन म्हणून ते वाचले, तर कादंबरीची एकसंधता अधिक स्पष्ट होते.

६

येथवर ‘बाप’ आणि ‘मुलगा’ हे शब्द वापरले ते केवळ सोयीसाठी नव्हेत. हा विनोद जवळजवळ पूर्णपणे मुलग्याच्या वाट्याला आलेला आहे. महाविद्यालयात शिकणारी मुलगी उशिरा घरी आली, तिने तास बुडवले, तिचे पैसे लवकर संपले, तर घरात जे बोलले जाते त्यात ‘स्वारी’ आणि ‘महाराज’ यांना समांतर शब्द सापडत नाहीत. ‘महाराणी’ हा एक शब्द आहे. पण त्याचा रोख कामाच्या आळसाकडे असतो, आणि तो बहुधा कौतुकाविना उच्चारला जातो. कारण उघड आहे. त्राग्याला विनोद व्हायचे असेल तर चूक सुधारण्याजोगी आहे, असा विश्वास पाठीशी असावा लागतो. मुलगा नापास झाला तर एक वर्ष गेले. मुलीच्या बाबतीत पुढच्या वर्षाचीच शाश्वती नसे. जेथे भीती आहे तेथे त्रागा हसत नाही. ‘तरुणीशिक्षणनाटिका’तील उपरोधानंतर मुलीच्या महाविद्यालयीन जीवनाला मायेच्या थट्टेचा विषय होण्यासाठी मराठी साहित्याला फार वाट पाहावी लागली, यामागे केवळ लेखकांची अनास्था नाही. घरातच ती भाषा तयार झालेली नव्हती.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. पांडुरंगाला वडिलांचे पैसे उधळता येतात, कारण ते आहेत. १९७० नंतरच्या दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत शिक्षणाची किंमत वेगळ्या चलनात मोजली गेली. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) मध्ये पोट हातावर असलेला कैकाडी बाप मुलाला शाळेत घालण्याचा आग्रह धरतो. तेथे मुलाच्या सवयींना हसण्याची उसंत कोणालाच नाही. अपयश परवडत असेल तरच ते विनोदाचा विषय होते.

पण हे विधानही सरसकट करता येणार नाही. नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ (१९९३) या पुस्तकाने त्याला महत्त्वाचा अपवाद पुरवला. गावातून मुंबईला आलेल्या कामगार बापाने निवृत्तीनंतर लिहून काढलेल्या आठवणी हा या पुस्तकाचा एक आधार आहे. त्यामुळे शिकलेल्या मुलाने बापाचे चित्र काढायचे, ही आत्मकथनांची नेहमीची दिशा येथे अंशतः बदलते आणि बाप स्वतःच्या बोलीत बोलू लागतो. हा बाप मिश्कील आहे, हट्टी आहे, आणि मुलांच्या विद्येने दबून जाणारा नाही. विद्येचा उपयोग काय, हा त्याचा प्रश्न गटणेच्या बापाच्या प्रश्नाशी नाते सांगतो. पण त्यामागे पिढ्यांची नाकारलेली पाटी-पुस्तके आहेत, म्हणून त्याचे वजन निराळे आहे. ‘कोसला’त मुलाने घेतलेला विनोद तीस वर्षांनी, वेगळ्या समाजस्तरातून, बापाकडे परत आला. मराठी समीक्षेने या दोन कृती शेजारी ठेवून क्वचितच वाचल्या आहेत. एक कादंबरी आणि दुसरे आत्मकथन, एक ‘नवे साहित्य’ आणि दुसरे ‘दलित साहित्य’, या कप्प्यांमुळे त्यांच्यातील हा संवाद ऐकू आला नाही.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष हाती येतात. मुलाच्या महाविद्यालयीन सवयींवरचा आईबापांचा विनोदी त्रागा हा किरकोळ घरगुती प्रकार वाटला, तरी त्याची घडण काटेकोर आहे. आदरार्थी बहुवचन, तिसऱ्याला उद्देशून बोलणे आणि उजेडाच्या उलटलेल्या प्रतिमा ही तिची अंगे. तिच्या तळाशी देण्याघेण्याचा व्यवहार आहे, आणि शिक्षणासाठी घरचा पैसा बाहेर जाणाऱ्या समाजातच तिला धार येते. साहित्यात हा आवाज कधी उपरोधाखाली झाकला गेला, कधी प्रणयकथेतून वगळला गेला, कधी सुखात्मिकेत विरला; आणि ज्या कादंबरीने मराठी गद्याची चाल बदलली, तिच्या निवेदनात तो वेष पालटून शिरला.

विनोदाच्या इतिहासाला यामुळे एक पुस्ती जोडावी लागेल. हा इतिहास विनोदी लेखकांच्या नामावळीतून जसा लिहिला जातो, तसाच कोणाला कोणावर हसण्याचा हक्क होता आणि तो कधी कोणाकडे गेला, या प्रश्नातूनही तो लिहिता येतो. देवरूखसारख्या तालुक्याच्या गावांत आज महाविद्यालयाची वाट चालणाऱ्यांत मुली आहेत, ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेज पाहिले नाही अशी मुले आहेत. त्यांच्या घरी कोणत्या शब्दांत त्रागा केला जातो, त्यात हसू किती आणि धास्ती किती, आणि ‘बापूस’ व ‘आवस’ म्हणणाऱ्या संगमेश्वरी बोलीत ‘चिरंजीव’ची जागा कोणता शब्द घेतो, याची नोंद अजून व्हावयाची आहे. ती नोंद झाल्याखेरीज मराठी विनोदाविषयीची आपली विधाने एका वर्गाच्या ओटीवरून केलेलीच राहतील.